चळवळीच्या चाव्या कोणाच्या खिशात?



“व्हॉट्सॲप आहेच ना सगळ्यांकडे, मग दुसरे ॲप कशाला?” ॲपचा विषय काढला की हिंगणघाटातला कार्यकर्ता पहिले वाक्य हेच बोलतो. वाक्य साधे आहे, पण त्यातला ‘आहेच’ हा शब्द आम्हाला खटकतो. ते कोणी ठेवले? कोणाच्या सोयीसाठी ठेवले? आणि जे आहेच त्याला हात लावायचा नाही, हा विचार आंबेडकरी माणसाच्या तोंडी शोभतो का?

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. जाहीर गोष्ट जाहीर ठिकाणी, स्वतःच्या नावानिशी सांगावी. त्यासाठी व्हॉट्सॲप खुशाल वापरावे. पण चळवळीचे आतले काम, म्हणजे पीडितांची नावे, साक्षीदारांचे पत्ते, महिला कार्यकर्त्यांचे नंबर, बैठकीतली चर्चा, हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे आजपासून बंद करावे आणि सिग्नलसारख्या ॲपवर न्यावे. ही तांत्रिक हौस नाही. हा संघटनेच्या शिस्तीचा आणि आपल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आयते आलेले आणि निवडलेले

आपला तालुका कापसाचा. बाजार समितीच्या आवारात गाडी घेऊन आलेला शेतकरी निमूटपणे माप टाकत नाही. काटा कोणाचा, कडता किती, ओलाव्याच्या नावाखाली भाव किती पाडणार, हे तो विचारतो. आजोबापणजोबांनी नागवले गेल्यावर शिकलेले हे शहाणपण आहे. तोच शेतकरी, त्याच्या शेतात राबणारा मजूर आणि जिनिंगमध्ये रोजीने जाणारा आपला भाऊ फोन विकत घेतो तेव्हा मात्र काटा कोणाचा हे विचारत नाही. फोन उघडला की जे आत असते ते आपलेच, असे तो समजतो.

ते आपले नसते. नव्या फोनमध्ये कोणते ॲप आधीपासून बसवायचे, कोणते समोर ठेवायचे, हे कंपन्यांचे आपसातले सौदे ठरवतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर स्वतःची ॲप्स एकगठ्ठा लादणे, हा त्यातला एक प्रमुख आक्षेप होता. सरकारलाही हा मोह आवरत नाही. २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकायचा आदेश काढला. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घ्यावी लागली. फोनमध्ये आधीपासून काय असावे यावर कंपनी आणि सरकार दोघेही इतका जीव टाकतात, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे: बहुतेक माणसे आयते आलेले बदलत नाहीत.

मित्रांनो, जात ही या देशातली सर्वांत जुनी डिफॉल्ट सेटिंग आहे. जन्मासोबत आली, कोणी विचारले नाही, आणि पिढ्यानपिढ्या लोक म्हणत राहिले की आहेच ती, तिचे काय करायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या नागपुरात, बाबासाहेबांनी लाखो लोकांसह ते ‘आहेच’ नाकारले. ज्या समाजाने आयता मिळालेला धर्म तपासून सोडला, त्याने खिशातले ॲप तपासू नये?

कोणते ॲप काय पाहते

आधी साधा एसएमएस. त्याला कुलूप नसते. तो दूरसंचार कंपनीच्या यंत्रातून उघडाच जातो. सरकारला वाटले तर थांबवताही येतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा सरकारने काही दिवस दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घातली होती. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये आरसीएस सुरू असेल आणि समोरच्याकडेही तेच असेल तर संदेशाला कुलूप लागते, नाहीतर तो साधा एसएमएस म्हणून जातो. तरीही एसएमएसला टाकाऊ म्हणू नका. बटणाच्या फोनवाल्या आपल्या आयाबायांपर्यंत आणि म्हाताऱ्या उपासकांपर्यंत आजही तोच पोहोचतो. “रविवारी सकाळी दहाला विहारात या” एवढे सांगायला तो पुरेसा आहे.

व्हॉट्सॲप. २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९०० कोटी डॉलरला विकत घेतले. २०१६ पासून त्यातल्या मजकुराला कुलूप आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण पाकिटातले पत्र बंद असले तरी पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो. कोण कोणाशी बोलतो, किती वाजता, किती वेळा, कोण कोणत्या ग्रुपात आहे, हे कंपनीला कळते. संघटनेचा नकाशा काढायला मजकूर लागत नाही, एवढी माहिती पुरते. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवे धोरण आणले आणि मान्य करा नाहीतर ॲप सोडा असा सूर लावला. त्यावरून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले. शिवाय अनेकांच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या ड्राइव्हवर जातो. त्या बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपोआप सुरू नसते. आपल्या ग्रुपमधल्या किती जणांनी ती सुरू केली आहे, हे एकदा विचारून पाहा.

टेलिग्राम. पुष्कळ तरुणांना ते गुप्त वाटते. तो गैरसमज आहे. टेलिग्रामच्या साध्या चॅटला दोन टोकांपुरते कुलूप नसते. ‘सीक्रेट चॅट’ वेगळी सुरू करावी लागते आणि ती दोघांपुरतीच असते. ग्रुपला ती सोयच नाही. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाटायला टेलिग्राम ठीक आहे, अत्याचाराच्या प्रकरणाची चर्चा करायला नाही.

सिग्नल. ते नफा न कमावणारी संस्था चालवते. २०१८ मध्ये ही संस्था उभी करताना पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक. व्हॉट्सॲपच्या मजकुराला जे कुलूप आहे ते मुळात सिग्नलवाल्यांनी बनवलेले आहे. फरक हा की सिग्नल पाकिटावरचा पत्ताही साठवून ठेवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांच्याकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. जे साठवलेच नाही ते कोणालाच देता येत नाही. २०२४ पासून तिथे आपला फोन नंबर इतरांना न दाखवता बोलता येते. खाते उघडायला मात्र नंबर लागतो.

हे आपल्याच जिवाशी का येते

कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या शहरातल्या लोकांचे प्रश्न आहेत. नाही. गावातल्या माणसाचे नुकसान यात जास्त आहे.

अत्याचाराच्या प्रकरणात काय होते ते आठवा. तक्रार द्यायला निघालेल्या कुटुंबाचा अर्ज कोणीतरी उत्साहाने ‘समाजबांधव’ नावाच्या ग्रुपवर टाकतो. नाव, गाव, फोन नंबर, कधी कधी मुलीचे नावसुद्धा. ग्रुपमध्ये पाच-सहाशे माणसे. व्हॉट्सॲपवर एका ग्रुपात १०२४ जण बसतात. त्यातला प्रत्येक जण आपला असतो का? संध्याकाळपर्यंत तो अर्ज आरोपीच्या ओट्यावर पोहोचतो. रात्री सरपंचाचा माणूस तडजोडीला येतो, सकाळी मजुरी बंद होते आणि साक्षीदार पलटतात. मग आपण म्हणतो की समाजात एकी नाही. एकीच्या आधी कुलूप लागते, मित्रांनो! अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची, गरज पडल्यास साक्षीदाराचे नाव-पत्ता न्यायालयीन नोंदीत उघड न करण्याची तरतूद त्यात आहे. कायदा जे झाकायला सांगतो ते आपण हजार जणांत फॉरवर्ड करतो, हे कोणते समाजकार्य?

महिला कार्यकर्त्यांचे पाहा. ग्रुपमध्ये नाव टाकले की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो. रात्री अकराला “हाय ताई” सुरू होते. काही भगिनी शेवटी ग्रुप सोडतात, आणि त्यांच्यासोबत चळवळ त्यांचे कामही गमावते. मग व्यासपीठावरून आपण रमाई-सावित्रीचे नाव घेतो. नंबर न दाखवणारे ॲप निवडणे हा स्त्रीसन्मानाचा लहानसा, पण खरा भाग आहे.

आणि पाळत? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपने इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर अमेरिकेत दावा केला. त्यांच्या पेगासस या हेरगिरीच्या साधनाने जगभरातल्या सुमारे १४०० जणांचे फोन लक्ष्य केले होते. त्यात भारतातले लोक होते. प्रा. आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांनी आपल्याला सावध करण्यात आल्याचे जाहीरपणे सांगितले. भीमा कोरेगाव प्रकरणात वकील, प्राध्यापक, कार्यकर्ते वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. त्यातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये फायली बाहेरून घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तेव्हा “आपल्याला कोण विचारतो” ही भाषा विदर्भातल्या आंबेडकरी माणसाने तरी बोलू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पेगासससारखे हत्यार फोनमध्येच शिरले तर सिग्नलही वाचवत नाही. कुलूप दाराला असते, चोर घरातच बसला तर कुलपाचा काय दोष? फोन जप्त झाला आणि उघडला गेला तर त्यातले सगळे दिसतेच. म्हणूनच सिग्नलवर ठरावीक दिवसांनी संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू ठेवावी. पण घरफोडीची भीती आहे म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही.

“लपवायचे काय आहे?” आणि इतर आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: “आपण काही चुकीचे करत नाही, मग लपवायचे काय?” बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलेले आहे. बाबासाहेबांना काय लपवायचे होते? त्यांना एवढेच ठाऊक होते की ज्याच्या घरात कोणीही केव्हाही शिरू शकतो तो माणूस मोकळेपणी विचार करू शकत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सत्तर वर्षांनी न्यायालय जिथे पोहोचले तिकडचा रस्ता बाबासाहेबांनी आधीच दाखवला होता. आपण मात्र तो हक्क फुकटच्या गुड मॉर्निंग संदेशांसाठी सोडून द्यायला तयार!

दुसरा आक्षेप: “लोक व्हॉट्सॲपवर आहेत, आपण सिग्नलवर जाऊन कोणाशी बोलणार?” म्हणूनच आम्ही व्हॉट्सॲप काढून टाका असे म्हणत नाही. मोर्चाचे पत्रक, व्याख्यानाची वेळ, आमचा हा लेख, सगळे तिथे टाका. प्रश्न आतल्या कामाचा आहे, आणि आतले काम करणारी माणसे एका तालुक्यात वीस-पंचवीस असतात. वीस माणसांना एक ॲप उतरवून घेता येत नसेल तर त्या संघटनेचे दुखणे वेगळेच आहे.

इतिहासही हेच सांगतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या काळी लोक कोणावर होते? ‘केसरी’वर. त्या ‘केसरी’ने मूकनायकाची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. “सगळे केसरी वाचतात, आपण वेगळे पत्र कशाला काढायचे” असे बाबासाहेब म्हणाले असते तर? पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ निघाले, स्वतःचा छापखाना उभा राहिला. पैसा नव्हता, वर्गणीदार कमी होते, तरीही दुसऱ्याच्या दारात आपला आवाज गहाण ठेवला नाही. २००६ मध्ये खैरलांजी घडले तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आधी तिकडे लक्ष दिले नाही. आपल्या कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनाने ते प्रकरण देशासमोर आणले. माध्यम दुसऱ्याचे असेल तर आपली बातमी त्याच्या मर्जीवर असते, हे आपल्याला आणखी किती वेळा शिकायचे आहे?

तिसरा आक्षेप नवा आहे: “परदेशी ॲप कशाला, स्वदेशी वापरा.” २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीच्या ‘अरट्टाई’ची लाट आली. केंद्रीय मंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्यासह सत्ताधाऱ्यांनी तिचा प्रचार केला. त्या वेळी अरट्टाईच्या कॉलला कुलूप होते, लेखी संदेशांना नव्हते. म्हणजे लाट आधी आली आणि कुलूप मागे राहिले. आमचा भारतीय कंपनीला विरोध नाही. इथल्या तरुणांनी उत्तम ॲप बनवले तर आम्ही आनंदाने वापरू. पण कुलूप तपासताना ते कुठे बनले हे आधी विचारायचे नसते, चावी कोणाकडे आहे हे विचारायचे असते. ‘स्वदेशी’ या शब्दाने आपल्याला पूर्वीही भुलवले आहे. पाणवठा स्वदेशीच होता, आणि त्यावरची बंदीही स्वदेशीच होती.

मग “सिग्नलही अमेरिकेचेच ना?” असे कोणी विचारेल. हो, आहे. म्हणूनच भक्ती नको. त्याचा कोड खुला आहे, जगभरचे जाणकार तो तपासतात, म्हणून आज ते निवडावे. उद्या त्यांनी धोरण बदलले तर उद्या सोडावे. २०२२ मध्ये सिग्नलने अँड्रॉइडवरची एसएमएसची सोय काढून टाकायचे जाहीर केले, तेव्हा अनेकांची गैरसोय झाली. कोणतेच ॲप आपला उद्धारक नाही. बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध दिलेला इशारा यंत्रालाही लागू होतो.

कुलूप म्हणजे अफवेचा परवाना नव्हे

हे बोलल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर! अफवेचा पहिला बळी नेहमी ज्याला गावात घर नाही, जात विचारल्यावर ज्याची मान खाली जाते, तोच ठरतो. तेव्हा अफवा हा आपल्याविरुद्धच चालणारा धंदा आहे, आणि आंबेडकरी ग्रुपवरून एकही निनावी, तारीख-गाव नसलेला व्हिडिओ पुढे जाता कामा नये. जे जाहीर आहे ते नावानिशी लिहा. जे खासगी आहे ते कुलपात ठेवा. आज आपण नेमके उलटे करतो: अफवा जाहीर आणि निनावी, पीडितेचे नाव मात्र उघडे!

आता करायचे काय

हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यातल्या शाखांपुढे, विहार समित्यांपुढे आणि जयंती मंडळांपुढे आम्ही हे ठेवतो.

१. प्रत्येक शाखेने आतल्या कामाची माणसे ठरवून त्यांचा सिग्नलवर वेगळा ग्रुप करावा. संदेश आठवड्याने आपोआप पुसले जातील अशी सोय सुरू करावी.

२. पीडिताचा अर्ज, एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद कोणत्याही मोठ्या ग्रुपवर टाकू नये. टाकणाऱ्याला बैठकीत जाब विचारावा.

३. व्हॉट्सॲपवर मोठा ग्रुप ठेवायचाच असेल तर तो फक्त सूचनांसाठी ठेवावा. कोणालाही, विशेषतः महिलांना, न विचारता त्यात ओढू नये. आपल्याला ग्रुपात कोण टाकू शकतो, ही सेटिंग प्रत्येकाने बदलून घ्यावी. बॅकअपलाही कुलूप लावावे.

४. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांची वहीत यादी करावी. त्यांना एसएमएस आणि फोनने निरोप द्यावा. ॲप नाही म्हणून कोणी चळवळीबाहेर पडता कामा नये, नाहीतर आपणच नवी अस्पृश्यता पाळू.

५. एका रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसावे. कॉलेजातल्या मुलामुलींनी मोठ्यांच्या फोनमधल्या सेटिंग त्यांच्यासमोर, समजावून बदलाव्यात. न विचारता बदललेली सेटिंग म्हणजे पुन्हा डिफॉल्टच.

६. फोनच्या पडद्याला मजबूत पिन ठेवावा. हे सर्वांत स्वस्त कुलूप आहे, आणि सगळ्यात जास्त लोक तेच विसरतात.

याला पैसा लागत नाही. कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती फक्त सवय मोडायची तयारी, आणि सवय मोडणे हे आपल्या चळवळीचे पहिले काम राहिले आहे. महाडच्या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ च्या आधीही तिथेच होते आणि कायद्याने खुलेही होते. ते कोणी कोणाला प्यायचे, हे ‘आहेच’ म्हणून चालत आले होते. ओंजळ पुढे केल्यावर ते बदलायला लागले.

ज्या शाखेला हे पटत नाही तिने आम्हाला उत्तर लिहावे, आम्ही ते याच ठिकाणी पूर्ण छापू. ज्या शाखेला पटते तिने पुढच्या अत्याचाराच्या बातमीची वाट पाहू नये. त्या बातमीतल्या मुलीचे नाव आपल्याच ग्रुपवरून बाहेर जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जय भीम! जय संविधान!